तुमच्या कंपनीचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

भोसरीतल्या एका जॉबवर्कच्या वर्कशॉपमध्ये जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी लॉगिन होईना. पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता. नवा घ्यायला गेलो तर ओटीपी पोचला दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या मोबाइलवर. माणूस सज्जन होता, त्याने फोन उचलला आणि नंबर सांगितला. पण तो फोन उचलेपर्यंतचा अर्धा तास मालकांनी कसा काढला, ते मी समोर बसून पाहिलं आहे.

वीस-तीस माणसांच्या कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. लेथला तेल कोणी घालायचं, हे ठरलेलं असतं. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप कोणी घ्यायचा, डोमेनचे (वेबसाइट आणि ईमेलच्या नावाचे) पैसे कोणी भरायचे, हे मात्र कोणीच ठरवलेलं नसतं. बहुतेक नुकसान तिथूनच होतं. ते टाळायला मोठा खर्च लागत नाही. एक सुट्टीचा दिवस लागतो (आमच्याकडे गुरुवार), मालक स्वतः लागतात, ऑफिसमधलं एक विश्वासाचं माणूस लागतं आणि एक दोनशे पानी वही.

१. आधी वही भरा

पुढच्या पानांवर यंत्रं लिहा: प्रत्येक कॉम्प्युटर, त्यातलं विंडोज कुठलं, लायसन आहे का, राउटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर, यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली. हे तासाभराचं काम आहे.

खरा वेळ मागच्या पानांना द्या. तिथे खाती लिहायची: जीएसटी, ई-वे बिल, टीडीएस, पीएफ, बँक, ईमेल, डोमेन, टॅलीचा सिरियल नंबर. प्रत्येकासमोर तीन रकाने आखा. खातं कोणाच्या नावावर आहे, ओटीपी कोणत्या नंबरवर येतो, मुदत कधी संपते. पासवर्ड वहीत लिहू नका. मुख्य चार-पाच पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून तिजोरीत ठेवा.

रकाने भरताना धक्के बसतील. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं, ही तर नेहमीची गोष्ट. संबंध चांगले आहेत तोवरच ते आपल्या नावावर करून घ्या. डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की थोडे दिवस सवलत असते, त्यानंतर ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, आणि मग ते बाजारात कोणालाही मिळतं. डोमेन गेलं की त्यावरचे सगळे ईमेलही बंद, म्हणजे गिऱ्हाइकाची पर्चेस ऑर्डर येण्याची वाटच बंद.

ओटीपीसाठी कंपनीच्या नावावर एक सिम घ्या आणि जिथे नियमात बसतं तिथे तोच नंबर द्या. बाकी ठिकाणी मालकाचा किंवा भागीदाराचा नंबर चालेल, कर्मचाऱ्याचा नको.

डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं दिसतं ते) कुठे आहे, तेही विचारा. बऱ्याचदा ते सीएंच्या ऑफिसच्या खणात असतं आणि पिन त्यावरच चिकटवलेला असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे ती तुमचीच सही आहे. कोऱ्या चेकवर सही करून आपण खणात ठेवत नाही, मग टोकनही ठेवू नये.

२. बॅकअप: घ्या, लांब ठेवा, उघडून बघा

“बॅकअप आहे का?” असं विचारलं की उत्तर येतं, “हो, रोज पेन ड्राइव्हवर घेतो.” आणि तो पेन ड्राइव्ह चोवीस तास त्याच मशीनला लावलेला असतो. खंडणी मागणारा व्हायरस मशीनमधल्या फायलींना कुलूप घालतो, तसंच जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हलाही. गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी फोल्डर आपोआप चढत असेल, तर कुलूपबंद फायलीही आपोआप वर चढतात. तिथे जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात, ते पाहून ठेवा.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मेर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम त्याने ठप्प केलं. आपल्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनललाही फटका बसला. एवढ्या मोठ्या कंपनीचं नेटवर्क पुन्हा उभं राहिलं ते घानातल्या एका सर्व्हरमुळे. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, म्हणून तो एकटा वाचला. आपल्याला तेच करायचं आहे, फक्त योगायोगावर न सोडता: एक प्रत कायम वायरीपासून सुटी ठेवायची.

माझी पद्धत अशी. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. एक ऑफिसात, एक मालकांच्या घरी. रोज संध्याकाळी ऑफिसातली डिस्क लावायची, बॅकअप घ्यायचा, काढून कपाटात ठेवायची. आठवड्यातून एकदा दोन्हींची अदलाबदल करायची. त्याशिवाय तिसरी प्रत क्लाउडवर. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं २०२२ च्या नियमांनी बंधनकारक आहे. आणि जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात, म्हणजे “गेल्या वर्षीचं आहे ना, बास” हे चालत नाही.

टॅलीच्या पलीकडेही बघा. ड्रॉइंग्ज, कोटेशन्स, ईमेल यांचा बॅकअप घ्या. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन असेल, तर त्याचे प्रोग्रॅम आणि कंट्रोलरचे पॅरामीटर्स (सेटिंग्ज) हेही घ्या. अनेक कंट्रोलरांची मेमरी छोट्या बॅटरीवर टिकते. बॅटरी उतरली की पॅरामीटर्स पुसले जातात आणि सर्व्हिस इंजिनीअर येईपर्यंत मशीन उभं राहतं. ऑफिसच्या बॅकअपच्या यादीत हे कोणीच लिहीत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण काम पाच मिनिटांचं आहे.

टॅलीव्हॉल्ट, म्हणजे टॅलीचा डेटा पासवर्डने कुलूपबंद करणारी सोय लावली असेल, तर त्याचा पासवर्ड तिजोरीतल्या पाकिटात हवाच. तो विसरला की डेटा परत मिळत नाही.

आता सगळ्यांत जास्त टाळली जाणारी पायरी. दर तीन महिन्यांनी ती डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा, बॅकअप रिस्टोअर करा, शेवटचा व्हाउचर नंबर आणि ट्रायल बॅलन्स जुळवा. जुळला तरच तो बॅकअप. एका ठिकाणी आठ महिने इमानेइतबारे रिकाम्या फोल्डरचा बॅकअप निघत होता. टॅलीचा डेटा मधेच दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेला होता, आणि ते कोणी सांगितलंच नव्हतं.

३. उघडे दरवाजे बंद करा

मालकांना घरून टॅली बघायची असते. मग कोणीतरी राउटरवर रिमोट डेस्कटॉपसाठी (लांबून कॉम्प्युटर चालवण्यासाठी) ३३८९ हे पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, थेट इंटरनेटला उघडून देतं. अशी पोर्टं शोधणारे प्रोग्रॅम जगभर रात्रंदिवस फिरत असतात. तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला आजच विचारा, आणि उघडं असेल तर बंद करून व्हीपीएन, म्हणजे फक्त आपल्या माणसांसाठीची सुरक्षित वाट, लावून घ्या.

लांबून कॉम्प्युटर चालवायच्या एनीडेस्क या प्रोग्रॅममध्ये कोणी कायमचा पासवर्ड घालून ठेवला असेल, तर काढा. राउटर आणि डीव्हीआर यांचे कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड बदला. पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवा.

४. विंडोज

विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची अपडेट्स मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. बदलता येतील ती मशीनं बदला. सीएनसीला जोडलेलं जुनं मशीन बदलता येत नसेल, तर त्याचं इंटरनेट काढा. लायसनशिवाय सॉफ्टवेअर चालवणाऱ्या फुकटच्या क्रॅकसाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेव्हा आपण स्वतःच दार उघडून देत असतो.

५. माणूस गेला, चावी परत घेतली का?

सगळ्यांना एकच लॉगिन देऊ नका. कोणी नोकरी सोडली, तर शेवटच्या दिवशी वही काढा आणि त्याचं नाव जिथे जिथे आहे तिथे बदला. हिशेब पूर्ण करण्याआधी हे काम उरका. ईमेल खात्याचा रिकव्हरी नंबर पाहायला विसरू नका.

६. पैशाचा मेल आला तर

“आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, यापुढे इथे पैसे पाठवा,” असा मेल पुरवठादाराच्या नावाने आला, तर फोन करून विचारा. नंबर मेलमधला घेऊ नका, आपल्या वहीतला घ्या. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. मशीनवर हल्ला झाला असेल, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहे.

हे सगळे नंबर, म्हणजे १९३०, बँक, सीए, कॉम्प्युटरवाला, टॅलीवाला, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि ऑफिसच्या भिंतीवर लावा. कॉम्प्युटरला कुलूप लागलं, तर त्यातली फोन नंबरांची फाइलही उघडणार नाही.