तिसरा कॉल लागत नाही? गेटकीपरची मर्यादा तपासा

संभाजीनगरच्या मुख्य कार्यालयातून लातूर, नांदेड, परभणीशी एच.३२३ वर (नेटवर्कवरून व्हिडिओ कॉल करण्याचं मानक) बैठका होत असतील आणि मधे गेटकीपर (कॉलना परवानगी देणारा सर्व्हर) असेल, तर हे वाचाच. प्रत्येक व्हिडिओ यंत्र सुरू होताच गेटकीपरकडे नाव-क्रमांक नोंदवतं. कॉल लावताना आधी त्याची परवानगी मागतं. तो क्रमांकावरून आयपी पत्ता काढतो, लाइनवर जागा आहे का बघतो, मगच होकार देतो. चित्र-आवाज सहसा दोन यंत्रांत थेट जातात.

घोळ होतो जागेच्या हिशोबात. गेटकीपर जाणं-येणं दोन्ही मोजतो. ३८४ केबीपीएसचा (सेकंदाला ३८४ हजार बिट) कॉल त्याच्या वहीत ७६८ धरला जातो. त्याचं एकक सेकंदाला १०० बिटांचं, म्हणून लॉगमध्ये ७६८० दिसतं. परभणीची लीज लाइन २ एमबीपीएसची, म्हणून आम्ही गेटकीपरमध्ये मर्यादा २००० केबीपीएस टाकली. दोन कॉल लागले, तिसऱ्याला नकार! लाइन निम्म्याहून जास्त रिकामी आणि तिकडची मंडळी काळ्या स्क्रीनसमोर ताटकळत. तीन कॉलला २३०४ लागतात, म्हणून मर्यादा २४०० केली. डेटाच्या पाकिटांचा वरचा भार धरून लाइनवर एका दिशेला कॉलमागे साधारण ४६० केबीपीएस जातात, तेव्हा तीन आरामात बसतात. चौथ्याचा मोह नको.

आणखी एक. आपल्याकडे लाइट गेली की यंत्र नोंद न काढताच बंद पडतं. परत आल्यावर पत्ता बदलला असेल, तर जुन्या नोंदीमुळे तोच क्रमांक नाकारला जाऊ शकतो. नोंदीची मुदत एक-दोन मिनिटांचीच ठेवा. फायरवॉलमध्ये यूडीपी १७१९ (गेटकीपरशी बोलणं) आणि टीसीपी १७२० (कॉल जोडणं) हे पोर्ट उघडे आहेत ना, तेही बघून घ्या.