रॅमचा खराब तुकडा वगळून लॅपटॉप कसा चालवायचा

साखळीला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. जुलैच्या पावसात सत्तरीतल्या एका नाट्यमंडळाचा लॅपटॉप माझ्याकडे आला. चार जीबी रॅम, लिनक्स मिंट. तालमीत पार्श्वसंगीत लावलं की मध्येच गोठायचा, कधी आपणच बंद होऊन सुरू व्हायचा. सेवाकेंद्रात ‘बोर्ड बदला’ म्हणून सांगितलं होतं, कारण रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली. बोर्डाच्या पैशांत जुना लॅपटॉप येईल. पण मंडळाच्या दिवंगत पेटीवादकाचं एकमेव ध्वनिमुद्रण त्या मशीनमध्ये होतं, आणि डिसेंबरात कालोत्सवाचं, म्हणजे गावच्या जत्रेचं, नाटक ठरलेलं.

असं मशीन हाती आलं की आधी एक गोष्ट करू नका: त्याच मशीनवरून बॅकअप घेऊ नका. फाइल कॉपी होते ती रॅममधून जाऊन. रॅम एखादा बिट उलटा करत असेल तर नक्कल बिघडते, आणि कॉपी पूर्ण झाली असंच स्क्रीनवर दिसतं. मी डिस्क काढून दुसऱ्या, धडक्या मशीनला लावली आणि तिथून नक्कल घेतली. पेटीचं ते ध्वनिमुद्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. ते शाबूत होतं. मगच पुढचं काम हातात घेतलं.

आता तपासणी. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घाला, त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. चार्जर यूपीएसवर लावा. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि अर्ध्यावर तुटलेल्या चाचणीवर विसंबता येत नाही. सकाळी चुकांचे पत्ते, म्हणजे रॅममध्ये चूक कुठे झाली ते दाखवणारे आकडे, कागदावर उतरवून घ्या.

सगळा निर्णय या पत्त्यांवर आहे. प्रत्येक फेरीत तोच पत्ता किंवा त्याच्या आजूबाजूचे पत्ते येत असतील, तर चिपमधल्या थोड्याच पेशी मेल्या आहेत आणि पुढचा उपाय लागू पडतो. पत्ते दरवेळी वेगळे आणि विखुरलेले असतील, तर दोष बहुतेक वीजपुरवठ्यात, तापण्यात किंवा जोडणीत असतो. तिथे सॉफ्टवेअरने झाकपाक करणं मला पटत नाही. रॅम काढता येणारी असेल तर आधी ती काढून पितळी दिसणारे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, पुन्हा चाचणी घ्या. गोव्याच्या दमट हवेत निम्मा त्रास तिथेच सुटलेला मी पाहिला आहे.

मंडळाच्या लॅपटॉपवर पाचही फेऱ्यांत चुका एकाच ठिकाणी आल्या. म्हणजे कर्नेलला, लिनक्सच्या गाभ्याला, सांगायचं: एवढी जागा राखीव, तिला हात लावू नकोस. रॅम ४ केबीच्या पानांनी वाटली जाते, पण मी शेजारच्या पेशींवरही विश्वास ठेवत नाही, म्हणून ६४ केबी सोडतो. चार जीबीच्या ६५,५३६ भागांतला तो एक भाग. त्यासाठी चुकीच्या पत्त्यातले शेवटचे चार आकडे शून्य करा. तो पत्ता हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीतला, थोडक्यात हेक्स) आहे हे कळावं म्हणून पुढे शून्य आणि एक्स लावा.

हे पहिल्यांदा कायमचं लिहू नका, एकाच बूटपुरतं करून पाहा. ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स चढवणारा प्रोग्राम; त्याच्या मेनूत ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, अर्थातच रोमन लिपीत, लिहा: मेममॅप, बरोबरचं चिन्ह, ६४के, उलटी तिरकी रेघ, डॉलरचं चिन्ह, आणि लगेच तो पत्ता. मध्ये कुठेही मोकळी जागा नको. मग कंट्रोल आणि एक्स.

ती उलटी रेघ विसरलात तर ग्रब डॉलरचं चिन्ह गिळतो आणि कर्नेलला नुसतं ‘मेममॅप बरोबर ६४के’ असं काहीतरी पोचतं. त्याचा अर्थ तो ‘या मशीनला एकूण ६४ केबीच रॅम आहे’ असा घेतो, आणि मशीन उठतच नाही. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. पुन्हा सुरू करून पुन्हा ‘ई’ दाबा.

मशीन उठल्यावर ‘डीमेसेज’चा, म्हणजे कर्नेलच्या नोंदींचा, अहवाल सुडो लावून (व्यवस्थापकाच्या अधिकाराने) वाचा. सुरुवातीच्या मेमरी नकाशात ‘यूजर’ने सुरू होणाऱ्या ओळींत तुमचा पत्ता ‘रिझर्व्ड’ दिसला पाहिजे. दिसला तर तीच सूचना ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये, दुहेरी अवतरणातल्या कर्नेल ओळीत घाला. मात्र तिथे डॉलरआधी तीन उलट्या रेघा लागतात, कारण ती ओळ आधी शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्राम) वाचतो, नंतर ग्रब. मग बदल लागू करायला अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवा. विंडोजमध्येही बीसीडीएडिट या आज्ञेने ‘बॅडमेमरी’ यादीत खराब पानं घालता येतात. तिथे पत्त्याचे शेवटचे तीन हेक्स आकडे गाळून पानाचा क्रमांक द्यायचा.

असल्या उपायाला काही लोक ‘जुगाड’ म्हणतात. मला तो शब्द इथे आवडत नाही. १९९४ मध्ये पेंटियम चिप भागाकारात चुकते हे उघड झालं, १९९७ मध्ये त्याच चिपला एक चुकीची सूचना दिली की सगळं मशीन अडकतं असं दिसलं. भागाकाराच्या चुकीसाठी इंटेलला चिपा बदलून द्याव्या लागल्या, अडकण्याच्या दोषावर मात्र लिनक्समध्ये सॉफ्टवेअरनेच वाट काढली गेली. आजही लिनक्समध्ये प्रोसेसरची माहिती काढली तर ‘बग्ज’ अशी एक ओळ येते. चिपचे दोष ओळखून त्यांच्याभोवती रस्ता काढणं हे कर्नेलचं रोजचं काम आहे.

बाहेरच्या हार्डडिस्कच्या डबीतली चिप मोठी फाइल कॉपी करताना जोडणी तोडत असेल तर हेच तत्त्व: ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने तिचा क्रमांक काढा आणि कर्नेलमधल्या ‘यूएसबी-स्टोरेज’च्या ‘क्वर्क्स’मध्ये (अपवादांच्या यादीत) तो क्रमांक देऊन पुढे अपूर्णविराम आणि ‘यू’ लिहा. डिस्क जुन्या, हळू पद्धतीने चालेल, पण तुटणं बहुधा थांबेल.

रॅमच्या उपायाची मर्यादा मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. कर्नेल ही सूचना वाचण्याआधी फर्मवेअर (बोर्डावरचा मूळ प्रोग्राम, म्हणजे बायोस) आणि ग्रब ती जागा वापरू शकतात. शिवाय पेशी मरणं वाढत जाऊ शकतं. म्हणून त्या लॅपटॉपच्या पोटाला मी चिकटपट्टी लावली: खराब पत्ता, सोडलेली जागा, तारीख, आणि ‘चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) व डिसेंबरात जत्रेआधी पुन्हा मेमटेस्ट’. बायोस बदलला किंवा रॅम बदलली तर पत्ते सरकतात, तेव्हा ती सूचना काढून पुन्हा पहिल्यापासून चाचणी घ्यायची, हेही तिथेच लिहिलं आहे.