उन्हाळ्याआधी गाडीचं कूलंट घरीच तपासा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि नेमका तेव्हाच तुळजापूरच्या घाटात गाडीच्या तापमानाचा काटा वर सरकू लागतो. म्हणून मार्चमध्येच, सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, तपासणी करा. गरम रेडिएटरचं (कूलंट थंड करणाऱ्या जाळीचं) झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर उसळतं.

कूलंटच्या टाकीतली पातळी किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये हवी. वरचेवर कमी होत असेल तर कुठेतरी गळतंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा; सकाळी हिरवा किंवा गुलाबी डाग दिसला की जागेचा अंदाज येतो. कमी पडलं म्हणून बोअरचं पाणी मात्र ओतू नका. आपल्याकडच्या बादलीवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

मग गाडी उभीच सुरू ठेवा. काटा चढला तरी रेडिएटरचा वरचा पाईप गारच, तर थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे कूलंट सोडणारी झडप) अडकला असावा. हात लावताना ओढणी, बाही पंख्यापासून लांब ठेवा. एसी लावूनही पंखा फिरत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले (पंख्याचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बघा. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) फुटल्याची शंका घ्या आणि मेकॅनिकलाच घरी बोलवा.