मुलाने ‘ती’ मालिका बघितली? आधी या चुका टाळा

दर काही महिन्यांनी मला एक फोन येतो. वेळ रात्री साडेनऊच्या पुढची, आवाज दबका, कारण मूल पलीकडच्या खोलीत असतं. “मॅडम, ती नेटफ्लिक्सवरची कॅसेटवाली मालिका बघून मुलं खरंच काही करून घेतात का हो? एका वाक्यात सांगा.”

एका वाक्यात सांगता आलं असतं तर कधीच सांगून मोकळी झाले असते. मी शाळेत समुपदेशक आहे. गेल्या काही वर्षांत या एका विषयावर पालक आणि शिक्षक ज्या चुका करतात त्या इतक्या ठरलेल्या आहेत की फोन वाजला की आज कुठली असेल याचा मी मनात अंदाज बांधते.

मालिका म्हणजे ‘थर्टीन रीझन्स व्हाय’. ३१ मार्च २०१७ ला तिच्या पहिल्या सीझनचे तेरा भाग एकदम आले. हॅना बेकर ही अमेरिकेतली शाळकरी मुलगी जीव देते आणि मागे सात कॅसेट ठेवून जाते. त्यांच्या तेरा बाजू भरलेल्या, प्रत्येक बाजूवर आपल्याला कोणी कसं छळलं, कोणी कसं वाऱ्यावर सोडलं याचा हिशोब. चार सीझन होऊन २०२० मध्ये मालिका संपली. मुलं ती अजूनही शोधून काढतात.

आकडा फेकून निकाल लावणं

ही सुशिक्षित पालकांची चूक. कुठेतरी वाचलेलं असतं की या मालिकेनंतर अमेरिकेत आत्महत्या २९ टक्क्यांनी वाढल्या. आकडा खोटा नाही. १० ते १७ या वयोगटात एप्रिल २०१७ मध्ये अपेक्षेपेक्षा २८.९ टक्के जास्त मृत्यू झाले, असं २०१९ च्या एका अभ्यासात निघालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, १० ते १९ वयोगट आणि तीन महिने धरून, वाढ १३ टक्क्यांच्या आसपास निघाली. मग संशोधक डॅनियल रोमर यांनी तीच आकडेवारी वेगळ्या पद्धतीने तपासली आणि २०२० मध्ये मांडलं की मुलग्यांमधली वाढ मालिकेच्या माथी मारता येत नाही, ती आधीपासूनच चढती होती. नायिका मुलगी आणि पहिल्या अभ्यासात वाढ मात्र ठळक दिसली ती मुलग्यांमध्ये, हे कोडंही आहेच.

म्हणजे मालिका निर्दोष का? तसंही नाही. १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीत एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येवरची सहा भागांची मालिका टीव्हीवर लागली आणि १९८२ मध्ये पुन्हा दाखवली गेली. दोन्ही वेळा नायकाच्याच वयाच्या मुलांमध्ये त्याच प्रकारचे मृत्यू वाढल्याचं संशोधकांनी नोंदवलं. याला ‘वेर्थर परिणाम’ म्हणतात, गटे या जर्मन लेखकाच्या १७७४ च्या कादंबरीत जीव देणाऱ्या नायकावरून. उलट बाजूही आहे. मोझार्टच्या ऑपेरातल्या, जीव द्यायला निघालेल्या पापागेनोला तीन मुलं ऐन वेळी दुसरा मार्ग सुचवतात आणि तो जगतो. माणूस कडेलोटापर्यंत जाऊन परत कसा आला हे दाखवणाऱ्या गोष्टींनी जीव वाचतात, याला त्याच्यावरून ‘पापागेनो परिणाम’ असं नाव पडलं. २०१७ मध्येच अमेरिकेत मदतवाहिनीचा नंबर हेच शीर्षक असलेलं एक रॅप गाणं गाजलं. त्याची चर्चा जोरात होती त्या ३४ दिवसांत त्या वाहिनीवर सुमारे दहा हजार फोन जास्त आले आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या.

तेव्हा विषय तोच असला तरी गोष्ट कुठे नेऊन सोडते यावर बरंच अवलंबून असतं. आणि ती कोणत्या मुलापर्यंत, कोणत्या रात्री पोचते, यावरही.

“सावध राहा” म्हणून क्लिप पुढे पाठवणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे. ते २०१७ च होतं. ‘ब्लू व्हेल’ नावाच्या जीवघेण्या ऑनलाइन खेळाच्या अफवांनी आधीच पालकांची झोप उडवली होती. अशात आठवीच्या एका वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाबांनी रविवारी दुपारी लांबलचक मेसेज टाकला. मालिकेचं नाव, ती कुठे दिसते, कोणत्या भागात काय आहे, आणि खाली पुरावा म्हणून शेवटच्या भागातलं, हॅना जीव देते ते दृश्य. शेवटी हात जोडलेले. हेतू शंभर टक्के चांगला.

आता आपल्या घरांत काय असतं? आठवीतल्या मुलाचा गृहपाठ आईच्या फोनवर येतो. सोमवारी पहिल्या तासाला अख्ख्या वर्गाने ते दृश्य बघितलेलं होतं. आदल्या शनिवारपर्यंत त्या वर्गातल्या जेमतेम चार-पाच जणांना मालिकेचं नाव माहीत असेल. एका मुलाला मी विचारलं, तुला कुठून मिळालं रे? तो शांतपणे म्हणाला, “आईच्या ग्रुपवर आलं, मॅडम. बघू नका असं लिहिलं होतं.”

ते दृश्य मालिकेत का घातलं, यावर तिच्या एका लेखकाने तेव्हाच जाहीरपणे लिहिलं होतं की सगळी भीषणता दाखवली तर बघणारा मागे फिरेल. मोठ्या माणसांना हा तर्क फार पटतो, आपल्याला लहानपणी तसंच घाबरवलेलं असतं. पण ज्याच्या मनात आधीच काही घोळतंय त्याला त्या दृश्यातून भीती मिळेलच असं नाही, माहिती मिळू शकते. जुलै २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने डॉक्टरांच्या सल्ल्याने ते सुमारे तीन मिनिटांचं दृश्य काढून टाकलं. दोन वर्षं उशिरा, पण काढलं. आपल्या ग्रुपवरून मात्र कोणीच काही काढत नाही.

माझी पद्धत अशी: असा मेसेज आला की मी ग्रुपवर उत्तर देत नाही, कारण उत्तराने तो पुन्हा वर येतो. पाठवणाऱ्याला फोन करते आणि डिलीट करायला लावते. काही जण दुखावतात. दुखावू देत.

अर्ध्यात तोडणं

दुसरी लाडकी चूक. हिचे दोन अवतार आहेत.

घरातला अवतार सगळ्यांना माहीत आहे. मूल नवव्या भागावर असताना बाबांना कळतं, टॅब हिसकावला जातो, पासवर्ड बदलला जातो, विषय संपला. तो बाबांच्या लेखी संपतो. मुलाच्या डोक्यात गोष्ट चालूच राहते, आणि शेवट ते स्वतः लिहितं.

शाळा-कॉलेजांतला अवतार त्याहून वाईट, कारण त्याला ‘जनजागृती’ म्हणतात. एका ज्युनिअर कॉलेजात मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं. तिथल्या नव्या उत्साही समुपदेशकाने, दोन दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटच्या जोरावर, विद्यार्थ्याच्या आत्महत्येवरचा एक लघुपट लावायचं ठरवलं. “मॅडम, आजकाल मुलांना भाषण नको असतं, व्हिज्युअल लागतं.” तास पंचेचाळीस मिनिटांचा. त्यात स्वागत, दीपप्रज्वलन, प्रोजेक्टरची वायर शोधणं, यात वीस मिनिटं गेली. नायक सगळीकडून हरून एकटाच घरी परततो, इथवर लघुपट आला आणि बेल झाली. पुढे केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. दिवे लागले, शंभरेक मुलं बेंच वाजवत उठून गेली. मला शाल-श्रीफळ मिळालं.

दोन दिवसांत तीन मुलं माझा नंबर शोधून बोलली. त्यांतल्या एकीच्या घरात काही वर्षांपूर्वी अगदी तसंच घडलेलं होतं. ते त्या वर्गात कोणालाच माहीत नव्हतं, लघुपट लावणाऱ्याला नव्हतं आणि शाल घेणाऱ्या मलाही नव्हतं. ती म्हणाली, “बेल झाली म्हणून बरं झालं की वाईट, ते मला अजून कळत नाहीये.” त्या दिवशी मीही उठून प्रोजेक्टर थांबवला नाही. मुलांना बसवून घेतलं नाही. ते माझ्याच खात्यावर आहे.

या मालिकेच्या दुसऱ्या सीझनवर १८ ते २९ वयाच्या अमेरिकन तरुणांचा एक अभ्यास झाला होता. सीझन पूर्ण बघणाऱ्यांमध्ये स्वतःला इजा करण्याचे विचार कमी झालेले दिसले, मध्येच सोडणाऱ्यांची स्थिती मात्र जास्त काळजीची होती. यावरून “मग पूर्ण बघायलाच लावा” असा अर्थ काढू नका. जे आधीच आतून हललेले होते तेच मध्ये थांबले असणार, हेही तितकंच शक्य आहे. मी त्यातून एवढंच घेते: मूल मध्येच थांबलं किंवा आपण थांबवलं, तर त्या संध्याकाळी त्याच्याजवळ कोणीतरी बसायला हवं. आणि सामूहिक प्रदर्शन करूच नका. करायचंच असेल तर बघण्याइतकाच वेळ बोलण्याला ठेवा, आणि दाराशी एक माणूस उभा ठेवा. कोण मध्येच उठून गेलं हे त्याने बघायचं, आणि त्यांच्या मागे जायचं.

“तुझ्या मनात असं काही नाही ना?”

ही खास आपली मराठी चूक. त्या ‘नाही ना’मध्ये उत्तर आधीच भरून दिलेलं असतं. मूल आपली इच्छा ओळखतं, “नाही” म्हणतं, आपण सुटकेचा श्वास टाकून कुकर लावायला जातो. सरळ विचारा: “कधी मरून जावंसं वाटतं का रे?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. तपासून पाहिलेली गोष्ट आहे ही.

मी स्वतः समोरासमोर बसवून विचारत नाही. माझ्या मुलाला मी स्कूटरवर विचारलं होतं, सिग्नलला. मागे बसलेलं मूल जास्त बोलतं, तोंड दिसत नाही ना. नाहीतर मेथी निवडताना. हाताला काम असलं की जीभ सुटते.

उत्तर “हो” आलं तर? प्रवचन नको, “आम्ही तुझ्यासाठी काय कमी केलं” तर नकोच नको. त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा, आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मदतवाहिनीला १४४१६ वर फोन लावा. चोवीस तास चालतं, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञाची वेळ त्याच आठवड्यात घ्या, परीक्षा झाल्यावर नाही.

बारीकसारीक

हॅनाला “काय मूर्ख मुलगी” म्हणू नका. शेजारी बसलेलं मूल ते स्वतःबद्दल ऐकतं.

ऑटोप्ले बंद करा. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये मिळतं. तेरा भाग एका रात्रीत संपवणारं मूल पहाटे चारला कोणाशी बोलणार?

वयाची पाटी बघून निश्चिंत होऊ नका, मुलं आजीच्या प्रोफाइलवरून बघतात. न्यूझीलंडच्या सेन्सॉर कार्यालयाने २०१७ मध्ये या मालिकेसाठी नवीनच श्रेणी काढली: १८ च्या खालच्याने पालकाबरोबर बसून बघायचं. मला ही एकच पाटी कामाची वाटते.

“हे सगळं अमेरिकेत.” २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. सगळ्यात जास्त, १,७६४, महाराष्ट्रात.

आणि मालिकेची स्वतःची चूक

ही मी मुलांशीच बोलते. हॅना मेल्यावरही तेरा भाग बोलत राहते. ज्यांनी छळलं ते रडतात, पश्चात्ताप करतात, आणि ती जणू सगळं बघत असते. मी विचारते, “तिने कॅसेट ऐकणाऱ्यांचे चेहरे बघितले का?” वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, “नाही, ती मेलीय ना.” तेवढं एक वाक्य मुलांच्या तोंडून यावं लागतं. मी म्हटलं तर उपदेश होतो.

दुसरी तक्रार धंद्याची आहे. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात हॅना शाळेच्या समुपदेशकाकडे जाते आणि तो गृहस्थ हातातली संधी घालवतो. असे लोक आमच्यात आहेत, नाकारत नाही. पण बघणाऱ्या मुलाने मोठ्यांकडे जाण्यात अर्थ नसतो एवढंच उचललं, तर माझ्या केबिनचं दार कोण ढकलणार? म्हणून मी मुलांना सांगते, पहिला मोठा माणूस बथ्थड निघाला तर दुसऱ्याकडे जा, मग तिसऱ्याकडे. शाळेतल्या शिपाईमामांकडे गेलात तरी चालेल. आमच्या शाळेत दोघं खरंच गेली होती, आणि मामांनी त्यांना हाताला धरून माझ्याकडे आणलं.

मागच्या वर्षी फोन केलेल्या एका बाबांना मी म्हटलं, बंदी घालू नका, पहिल्या भागापासून त्याच्याबरोबर बसा. आठवड्याने त्यांचा परत फोन. पहिल्याच भागात पोराने विचारलं, बाबा, कॅसेटला दोन बाजू कशा असतात? मग माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर निघाला. गुंतलेली टेप पेन्सिलीने कशी गुंडाळायची ते दाखवून झालं. एका कॅसेटमध्ये वारलेल्या आजोबांचा आवाज सापडला, लग्नातला, कोणावर तरी ओरडताना. आजोबा शेवटी-शेवटी कोणाशीच का बोलत नव्हते, हे त्या रात्री पोराने पहिल्यांदा विचारलं. दुसरा भाग अजून लावलेला नाही, म्हणाले.