एका दिवसाच्या हॅकेथॉनसाठी तीन महिन्यांची तयारी

मुंबईत अधूनमधून एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात शहराचे प्रश्न सोडवण्यासाठी हॅकेथॉन, म्हणजे गटागटाने जमून ठरावीक वेळात संगणकावर उपाय तयार करण्याचा उपक्रम, भरते. सकाळी चहा-बिस्किटे, गळ्यात ओळखपत्रे, दिवसभर लॅपटॉप आणि संध्याकाळी सादरीकरण व बक्षीस, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. अशा दोन-तीन उपक्रमांत मी स्वतः राबलो आहे. त्यांपैकी एकात तयार झालेली सगळी अ‍ॅप्स वर्षभरात बंद पडली. टिकली ती एका गटाने अ‍ॅप जमेना म्हणून नाइलाजाने केलेली शौचालयांची एक्सेल यादी. त्यामुळे अ‍ॅप कसे बनवावे हे या लेखात सांगितलेले नाही. शासनाकडे असलेली माहिती मिळवून, ती जागेवर जाऊन पडताळून आणि वस्तीतील माणसांबरोबर बसून तिचा विश्वासार्ह तक्ता कसा करावा, हे येथे सांगितले आहे. उदाहरण त्या यादीचेच, म्हणजे शौचालयांचे, घेतले आहे.

हॅकेथॉन हा शब्द १९९९ मध्ये ओपनबीएसडी या संगणक प्रणालीच्या प्रोग्रामरांनी कॅनडातील कॅल्गरी येथे जमताना वापरला. ते स्वतःच्याच प्रणालीवर काम करायला जमले होते, आणि तिच्यात काय बिघडले आहे, काय हवे आहे, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. आपल्याकडे शब्द आला, पण ही पूर्वअट मागेच राहिली.

प्रश्न लहान करावा

‘मुंबईतील स्वच्छता’ हा निबंधाचा विषय आहे. ‘आपल्या विभागातील कोणकोणत्या शौचालयांत रात्री दहानंतर स्त्रियांना जाता येते?’ हा एका दिवसात हाताळता येईल असा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर यादीच्या रूपात देता येते आणि ते खरे की खोटे हे कोणालाही जाऊन पाहता येते. प्रश्न ठरवताना शासनाचा एखादा मान्य निकष हाताशी असला तर काम पुष्कळ सोपे होते. स्वच्छ भारत अभियानाच्या नागरी मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक, म्हणजे वस्तीच्या, शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक व २५ स्त्रियांमागे एक शौचकूप (बसण्याची जागा) असे प्रमाण दिलेले आहे. त्याच्याशी वस्तीतील आकडे ताडून पाहिले की ‘शौचालये अपुरी आहेत’ या तक्रारीला मोजमाप मिळते. स्त्रियांना सार्वजनिक ठिकाणी मुतारीची सोय मिळावी म्हणून २०११ मध्ये मुंबईतून सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ चळवळीतील कार्यकर्त्यांनीही प्रत्यक्ष पाहणी आणि माहिती अधिकारातील अर्ज यांचाच आधार घेतला होता.

मात्र सार्वजनिक शौचालय आणि वस्ती शौचालय यांत पहिल्याच दिवशी फरक करावा. स्थानकाबाहेरचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने पैसे देऊन वापरायचे शौचालय आणि वस्तीतील ठरावीक कुटुंबांचे, वस्ती संस्थेने चालवलेले शौचालय यांचे निकष, जबाबदार माणसे आणि अडचणी वेगवेगळ्या असतात. दोन्ही एकाच तक्त्यात घ्यायची असल्यास प्रकारासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा.

प्रश्न ठरला की उत्तर कोण वापरणार आहे, हे लिहून काढावे. विभाग कार्यालयातील कनिष्ठ अभियंता, शौचालय चालवणाऱ्या वस्ती संस्थेचे पदाधिकारी आणि पहाटे रांगेत उभी राहणारी बाई, या तिघांना तयारीच्या पहिल्याच बैठकीला बोलवावे. तिघेही आले नाहीत तर तारीख पुढे ढकलावी.

माहिती कोठून व कशी मागावी

केंद्र शासनाने २०१२ मध्ये राष्ट्रीय डेटा सहभागिता व उपलब्धता धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी खुल्या शासकीय डेटाचे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. २०१७ मध्ये या डेटासाठी स्वतंत्र परवाना आला. त्यानुसार स्रोताचा उल्लेख करून ही माहिती कोणालाही वापरता येते, तिच्यात भर घालता येते, व्यवसायासाठीही वापरता येते. या संकेतस्थळावर अवश्य शोध घ्यावा. पण तेथील बरीचशी माहिती राज्य किंवा जिल्हा पातळीवरची असल्याने गल्लीतल्या प्रश्नाला ती क्वचितच पुरते. त्यानंतर महापालिकेचे संकेतस्थळ पाहावे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने १७ बाबींची माहिती कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. ती नीट वाचल्यास कोणते दप्तर कोणाकडे आहे हे समजते, आणि चुकीच्या खात्याकडे अर्ज करून महिना वाया जात नाही.

याउपर जे मिळत नाही त्यासाठी माहितीचा अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्जासोबत दहा रुपये शुल्क लागते, अर्ज एकाच विषयाचा असावा लागतो आणि मागणी १५० शब्दांत बसवावी लागते. त्यामुळे शौचालयांची यादी आणि शौचालयांविषयीच्या तक्रारी यांसाठी दोन स्वतंत्र अर्ज करणे शहाणपणाचे असते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. ते न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते, आणि त्याच्या निर्णयाला आणखी ३० ते ४५ दिवस लागू शकतात. शीर्षकातले तीन महिने येथूनच आले आहेत.

अर्जात ‘शौचालय बंद का आहे?’ असे विचारू नये. कायद्याने दप्तरी असलेली माहिती मिळते; कारणमीमांसा करून देण्याचे बंधन जनमाहिती अधिकाऱ्यावर नाही. रकान्यांची नावे देऊन मागणी करावी. उदाहरणार्थ: ‘आपल्या विभागाच्या हद्दीतील सर्व सार्वजनिक व वस्ती शौचालयांची यादी पुढील तपशिलासह मिळावी: शौचालयाचे ठिकाण, प्रकार, पुरुष, स्त्रिया व दिव्यांग यांच्यासाठीच्या शौचकूपांची स्वतंत्र संख्या, चालवणाऱ्या संस्थेचे नाव, पाणी व वीजजोडणी आहे किंवा नाही, शेवटच्या दुरुस्तीचा दिनांक. ही यादी आपल्या संगणकात एक्सेल स्वरूपात असल्यास कलम ७(९) नुसार त्याच स्वरूपात ई-मेलने द्यावी.’ यातले शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. ज्या स्वरूपात माहिती मागितली त्याच स्वरूपात ती सामान्यतः द्यावी, असे हे कलम सांगते. कार्यालयाच्या साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत असेल तर मात्र अपवाद होऊ शकतो. हे वाक्य लिहायला मी एकदा विसरलो आणि एका कार्यालयाने एक्सेलमधील यादी कागदावर छापून, प्रत्येक पानावर शिक्का मारून, पानामागे दोन रुपये घेऊन दिली. ती पुन्हा संगणकात भरण्यात आमचे दोन रविवार गेले.

यादी हातात आल्यावर

येथे घाई करणारा पुढे हमखास फसतो. मराठीतील जुन्या शासकीय पीडीएफ बऱ्याचदा युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व संगणकांना समान असलेली अक्षरांची मांडणी येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये केलेल्या असतात. पडद्यावर ‘शौचालय’ असे स्वच्छ दिसते, पण मजकूर उचलून दुसरीकडे डकवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडतो. अशा वेळी फॉन्ट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरावा. पान म्हणजे नुसते छायाचित्र असल्यास टेसरॅक्टसारख्या, मराठी वाचू शकणाऱ्या मुक्त साधनाने मजकूर काढावा आणि प्रत्येक ओळ मूळ पानाशी ताडून पाहावी. पीडीएफमध्ये उचलता येईल असा तक्ता असेल तर टॅब्युला हे साधन पुरते.

फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) स्वरूपात साठवताना यूटीएफ-८ हा युनिकोडचा पर्याय निवडावा, नाहीतर पुढच्या माणसाच्या एक्सेलमध्ये मराठी मजकुराची धूळधाण होते. देवनागरी अंकांची बेरीज एक्सेल बहुधा करत नाही, त्यांना अक्षरे समजते. म्हणून साठवणीच्या फाइलमध्ये इंग्रजी अंक (1, 2, 3) वापरावेत आणि लोकांसाठी छापायच्या प्रतीत देवनागरी. दिनांकांकडे विशेष लक्ष द्यावे. संगणकाची मांडणी अमेरिकन असल्यास १२ ऑगस्टचा निमूटपणे ८ डिसेंबर होतो आणि तेरा तारखेपासून पुढचे दिनांक तेवढे नुसता मजकूर म्हणून पडून राहतात.

‘वॉर्ड’ या एका शब्दाने जितका घोळ घातला आहे तितका दुसऱ्या कशाने घातला नसेल. एका फाइलमधील वॉर्ड म्हणजे एम पूर्व किंवा के पश्चिम यांसारखा प्रशासकीय विभाग असतो, तर दुसऱ्या फाइलमधील वॉर्ड म्हणजे नगरसेवक निवडून देणाऱ्या २२७ प्रभागांपैकी एक असतो. दोन्ही तक्ते ‘वॉर्ड’ या रकान्यावरून जोडले तर उत्तर येते, पण ते चुकीचे असते. ठिकाणांच्या नावांचेही तसेच आहे. महेश्वरी उद्यान आणि किंग्ज सर्कल ही एकाच जागेची दोन नावे आहेत हे मुंबईकराला सांगावे लागत नाही, संगणकाला सांगावे लागते. ओपनरिफाइन हे मुक्त साधन सारख्या दिसणाऱ्या नोंदी एकत्र दाखवते, पण अशा जोड्या माणसानेच लावाव्या लागतात, आणि त्यासाठी त्या भागात राहणारी व्यक्ती शेजारी हवी.

नकाशावर बिंदू टाकताना अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली आहे का हे पाहावे. मुंबईचे अक्षांश १९ च्या आणि रेखांश ७३ च्या आसपास आहेत. ते उलटे भरले गेले की आपले शौचालय नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात दिसू लागते. दशांश चिन्हापुढे पाच स्थळे पुरेशी आहेत, कारण पाचव्या स्थळी फरक साधारण एक मीटरचाच उरतो, आणि दाटीच्या वस्तीत मोबाइलचे जीपीएस तेवढेही अचूक नसते.

शौचकूपांमागे माणसे किती हे काढण्यासाठी लोकसंख्या लागेल. शहराच्या लहान भागांचे आकडे मिळतात ते २०११ च्या जनगणनेचे. त्यानंतर कितीतरी वस्त्या हलल्या, वाढल्या, इमारतींत गेल्या; म्हणून हे गुणोत्तर छापताना त्याच ओळीत वर्ष लिहावे, तळटीपेत नव्हे.

प्रत्यक्ष दिवस

वस्तीतील पाहणीचा दिवस पावसाळ्यात ठेवू नये. रविवार ठरवला तर मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहूनच वेळ द्यावी, नाहीतर अर्धे लोक बाराला उगवतात. तीस-चाळीस माणसे पुरे झाली, आणि त्यांतील निम्मी तरी संगणकाशी संबंध नसलेली असावीत.

सकाळचे तीन तास वस्तीत घालवावेत. तिघातिघांचा गट करावा, त्यात एक स्थानिक व्यक्ती आणि एक स्त्री असलीच पाहिजे; एका गटाने सात-आठ शौचालयांपेक्षा जास्त घेऊ नयेत. सोबत यादीची छापील प्रत आणि पेन असावे, कारण अरुंद बोळात मोबाइलवर अर्ज भरत बसणे कठीण जाते. एकदा आमच्या प्रतीत एका शौचालयापुढे ‘चालू’ असे लिहिलेले होते. सकाळी दहाला ते खरोखर चालू होते, झाडलेलेही होते. गटातील मुलगा खूण करून निघणार, इतक्यात समोरचा चहावाला म्हणाला, ‘‘दादा, संध्याकाळी सातनंतर या. बायकांच्या बाजूला कुलूप असतं, तिकडे दिवाच नाही.’’ शासकीय यादी खोटी नव्हती, तिच्यात वेळेचा रकानाच नव्हता. त्या दिवशी आमच्या तक्त्यात ‘रात्री स्त्रियांसाठी उघडे’ आणि ‘हे कोणी सांगितले’ हे दोन रकाने वाढले. दुसरा रकाना पहिल्याइतकाच मोलाचा आहे: स्वतः पाहिले, चालकाने सांगितले की शेजाऱ्याने, हे नोंदवल्याशिवाय पुढे वाद मिटत नाहीत. मात्र येथे माणसाचे नाव लिहू नये, ‘शेजारी दुकानदार’ एवढे पुरते. आत माणसे असताना छायाचित्रे काढू नयेत, आणि चालकांचे मोबाइल क्रमांक प्रसिद्ध करायच्या फाइलमधून आठवणीने काढून टाकावेत.

जेवणानंतर सगळ्यांनी एकाच तक्त्यात नोंदी भराव्यात. एकाने भरावे, दुसऱ्याने कागदावरून मोठ्याने वाचून ताडावे. शाळेत गुणपत्रके तपासतात तसे. मूळ शासकीय रकाने जसेच्या तसे ठेवून पाहणीचे रकाने त्यांच्या शेजारी जोडावेत, म्हणजे फरक कोठे पडला हे अभियंत्याला एका नजरेत दिसते. ज्यांना नकाशाची हौस आहे त्यांनी क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मुक्त साधनात नकाशा करावा किंवा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर शौचालये टाकावीत. तेथे शुल्क, वेळ, स्त्रियांसाठी सोय आणि चाकाच्या खुर्चीसाठी वाट यांच्या नोंदी करण्याची व्यवस्था आहे. गूगलच्या नकाशावरून पाहून तेथे काहीही उतरवू नये, परवाना त्याला मुभा देत नाही. स्वतः चालत जाऊन केलेल्या नोंदींना असा कोणताही अडसर नाही.

बक्षीस ठेवू नये, असे माझे मत आहे. बक्षीस असले की गट आपापल्या नोंदी एकमेकांपासून लपवतात आणि संगणकावरचे चकचकीत पडदे बनवण्यात दुपार घालवतात.

दुसऱ्या दिवसापासून

आठवडाभरात दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे विभाग कार्यालयाला एक पानाचे पत्र द्यावे. त्यात फरक आढळलेली ठिकाणेच क्रमाने असावीत, प्रत्येकापुढे पाहणीचा दिनांक व वेळ असावी आणि पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. दिवा नाही, कडी तुटली, पाणी येत नाही अशा सुट्या बाबी महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर स्वतंत्र तक्रारी म्हणून नोंदवाव्यात आणि मिळालेला तक्रार क्रमांक तक्त्यात भरावा. दुसरी गोष्ट म्हणजे त्या त्या वस्तीपुरती यादी मोठ्या अक्षरांत छापून मंडळाच्या फलकावर लावावी. ज्यांनी सकाळी आपल्याबरोबर चालून माहिती दिली त्यांना ती ई-मेलने पाठवून काहीच साधत नाही.

फाइलच्या नावात विभाग आणि पाहणीचा दिनांक घालावा. पहिल्या पानावर माहिती कोठून मिळाली, कोणते रकाने आपण वाढवले आणि कोणत्या नोंदींविषयी शंका आहे, हे साध्या मराठीत लिहावे. पुढची पाहणी कोणत्या महिन्यात आणि ती कोण बोलावणार, हे पाहणीच्याच दिवशी सभागृह सोडण्यापूर्वी ठरवून तेही त्या पानावर लिहून ठेवावे. आमच्या यादीत ही जबाबदारी वस्ती संस्थेच्या चिटणीस बाईंनी घेतली आहे, आणि त्या दर चार महिन्यांनी रात्री आठ वाजता फेरी काढतात.