पार्टी आणि अम्युझमेंट पार्क एकाच वीकेंडला? या चुका टाळा

पुण्यातल्या कितीतरी ग्रुपचा वीकेंड एकाच गोष्टीने बिघडतो: शुक्रवारी रात्री पार्टी, शनिवारी सकाळी पार्क. दोन वर्षांपूर्वी आम्हीही असंच ठरवलं. कोथरूडच्या फ्लॅटवर पहाटे तीनपर्यंत जागलो, सहाला निघायचं ते साडेआठला निघालो आणि पहिल्याच मोठ्या राइडनंतर तिघं सावलीत आडवे झाले. तिकिटाच्या पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं ते सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवून मिळालेला दिवस गेल्याचं.

असं का होतं, हे समजून घ्या. शरीराचा तोल कानाच्या आतल्या बारीक नळ्यांमधल्या द्रवावर अवलंबून असतो. दारूमुळे तो द्रव आणि त्यातला जेलीसारखा पडदा यांच्या घनतेचा मेळ बिघडतो. प्यायल्यावर आडवं झालं की खोली फिरते ती त्यामुळेच. दारू उतरल्यावरही काही तास हे चालू राहतं. त्यात झोप अपुरी आणि पोट रिकामं किंवा तुडुंब भरलेलं असेल, तर रोलर कोस्टरवर मळमळ ठरलेलीच.

म्हणून क्रम उलटा करा. शनिवारी पार्क, रविवारी दुपारी पार्टी. दुपारच्या पार्टीत शेजाऱ्यांशी वादही होत नाहीत. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर वाजवायला तशीही बंदी आहे. मिसळ, गप्पा, शेवटी मस्तानी, आणि सोमवारी सगळे कामावर.

जागरण झालंच असेल तर? मग पहाटे निघण्याचा हट्ट सोडा. ज्याची झोप झाली आहे त्यानेच गाडी चालवावी. गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणं गुन्हा आहे, पण झोपेची गुंगी कोणत्याच यंत्रात दिसत नाही आणि इमॅजिका पार्कला जाताना पुढे बोरघाटाचा उतार आहे. असा कोणीच नसेल तर बेत पुढच्या शनिवारवर ढकला. मी तरी आता यात तडजोड करत नाही.

पार्कात पोचल्यावर पोहे-इडलीसारखं हलकं खा, पाणी पीत राहा आणि मोठी राइड तासभर पुढे ढकला. कोस्टरवर पहिल्यांदा मधल्या डब्यात बसा. मागचा डबा कड्यावरून वेगाने खेचला जातो, तिथे पोट जास्त हलतं. उलटीची गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून, आणि राइडच्या आधी अर्धा-पाऊण तास. रांगेत उभं राहून घेतलेली गोळी वेळेवर लागू पडत नाही.

रस्त्याचं म्हणाल तर इमॅजिका २०१३ साली खालापूर तालुक्यात सुरू झालं, तेव्हापासून पुणेकरांना एका दिवसात जाऊन येणं सोपं झालं. पण बाइकवरून निघणारे एक विसरतात: एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. जुन्या हायवेने लोणावळा-खंडाळा करत उतरावं लागतं, वेळ तसा धरा. आणि ‘वाकडला भेटू’ एवढंच ठरवू नका. हडपसरचा पुलाच्या एका बाजूला, विश्रांतवाडीची दुसऱ्या बाजूला, यात अर्धा तास जातो. लोकेशन आदल्या रात्रीच ग्रुपवर टाका.

वॉटर पार्कला जीन्स किंवा सुती टीशर्ट घालून पाण्यात सोडत नाहीत. नायलॉनचे कपडे घरून न्या, तिथे भाड्याने घेणं महाग पडतं. चष्म्याला दोरी लावा.

सगळ्यात मोठी चूक मात्र माणसांच्या बाबतीत होते. आमच्या एका मैत्रिणीला उंचीची भीती होती. ‘काही होत नाही गं’ म्हणत आम्ही तिला ओढत नेलं. उतरल्यावर ती दिवसभर बाकावर बसून आमच्या बॅगा सांभाळत राहिली आणि कोणी तिला धड विचारलंही नाही. पुढच्या खेपेला आम्ही आधी विचारलं. ती कोस्टरवर बसली नाही, पण लाटांच्या तलावात आमच्यापेक्षा जास्त वेळ होती. बॅगा लॉकरमध्ये ठेवल्या, पैसे सगळ्यांनी वाटून दिले.

कॉन्ट्रीही लांबवू नका. परतताना गाडीतच हिशोब करा, यूपीआयने त्याच रात्री पाठवा. रविवारी पार्टीत पैशांचा विषय निघाला की कोणीतरी गप्प होतं, आणि ते गप्प होणं पुढच्या बेतापर्यंत टिकतं.