वायरलेस माउस अडकतोय? नवीन घेण्याआधी या चुका टाळा

देवगडला मामाच्या आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये ऐन एप्रिलात माउस अडकायला लागला. अडकायला म्हणजे कसा, तर बाण अर्ध्या स्क्रीनपर्यंत नीट जायचा, मग जागेवर थांबायचा आणि मग एकदम उडी मारून भलतीकडेच. कीबोर्डपण वायरलेस, त्याच डोंगलवरचा (डोंगल म्हणजे माउसचा सिग्नल पकडणारा, यूएसबीत लावायचा छोटा तुकडा), त्यात ५ दाबलं की कधी काहीच उमटायचं नाही आणि कधी ५५ उमटायचं, आणि बिलावर ५ पेट्यांच्या ५५ पेट्या झाल्या की गिऱ्हाइकाचा फोन आलाच. मामाने सेट बदलला, नवा आणला, तोही तसाच. मग बाजारातल्या एकाकडून विंडोज फॉरमॅट मारून घेतली, त्यात डेस्कटॉपवरची गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांची यादी गेली आणि माउस होता तिथेच. मला फोन आला तेव्हा मामा एवढंच म्हणाला, "आता काय करूचा, सांग."

जाऊन बघितलं तर सीपीयू लोखंडी टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून. मागे डोंगल, आणि त्याला अगदी खेटून निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टात बॅकअपची हार्ड डिस्क. दोघांत बोटभर पण अंतर नाही. हार्ड डिस्क सेफली रिमूव्ह करून काढली आणि माउस सुतासारखा सरळ. परत लावली, परत अडकला. तीनदा करून दाखवलं तेव्हा मामाला पटलं.

तर पहिली चूक हीच, दोष माउसला देणं. वायरलेस माउसचा डोंगल २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलतो, आणि माउस बिचारा एका छोट्या सेलवर चालतो म्हणून त्याचा आवाज मुळातच बारीक. यूएसबी ३.० मध्ये डेटा सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने पळतो, आणि एवढ्या वेगाच्या सिग्नलमधून जी रेडिओची गळती होते ती एका ठिकाणी नसते, खालपासून वरपर्यंत पसरलेली असते, त्यात २.४ चा पट्टा पण बरोबर सापडतो. ही गळती हार्ड डिस्कमधून, तिच्या केबलमधून आणि पोर्टाच्या तोंडातून होते. इंटेलने २०१२ साली यावर पेपरच काढला होता, त्यात यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ च्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने चढलेला दिसला. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. जत्रेत लाउडस्पीकरच्या खाली उभं राहून कोणी कानात कुजबुजलं तर जे होईल तेच डोंगलचं होतं, माउस बोलतोय पण डोंगलला ऐकू येत नाही. कीबोर्डचं पण तेच, बटण सोडल्याचा निरोप पोचला नाही की कॉम्प्युटरला वाटतं बटण अजून दाबलेलंच आहे आणि तो आकडा परत उमटतो.

दुसरी चूक, डोंगल शेजारच्या पोर्टात हलवून "काही फरक नाही" म्हणणं. निळं पोर्ट वाईट आणि काळं, यूएसबी २ चं, चांगलं असं लोक धरून चालतात, पण डोंगल निळ्यात लावला तरी तो जुन्या यूएसबी २ च्या पिनांवरच चालतो, गोंगाट त्याचा नसतोच. गोंगाट शेजाऱ्याचा असतो. म्हणून काळ्या पोर्टात नेलंत पण अंतर तेवढंच राहिलं तर काय उपयोग? अंतर वाढवा. साधी यूएसबी २ ची एक मीटरची एक्स्टेन्शन केबल घ्या, डोंगल तिच्या टोकाला लावा आणि ते टोक माउसच्या जवळ, टेबलाच्या वर, समोर दिसेल असं ठेवा. माझ्या मते वायरलेस माउसच्या दुरुस्तीत एवढी स्वस्त आणि एवढी लागू पडणारी दुसरी गोष्ट नाही, आणि नवा माउस विकणारा ती सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

केबल हाताशी नसेल तर तोवर डोंगल सीपीयूच्या पुढच्या पोर्टात आणा आणि हार्ड डिस्क मागेच राहू द्या. किंवा हार्ड डिस्कच काळ्या यूएसबी २ पोर्टात लावा, बॅकअपला वेळ जास्त लागेल पण ती ५ गिगाबिटवर चालणारच नाही, म्हणजे तो गोंगाट पण नाही. लॅपटॉपवाल्यांनी हबकडे, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीकडे बघा, एकाच छोट्या हबमध्ये पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क आणि डोंगल सगळं कोंबलेलं असतं, तिथे दुसरं काय होणार.

डोंगलला चांदी कागद गुंडाळू नका. व्हिडिओ बघून लोक करतात. शिल्डिंग, म्हणजे धातूचं आवरण, करायची ती गोंगाट करणाऱ्याला, ऐकणाऱ्याला नाही, कागद गुंडाळून तुम्ही डोंगलचेच कान झाकता, वर तो कागद पोर्टात शिरून शॉर्ट झाला तर वेगळाच खर्च. लोखंडी टेबलाचं पण तसंच, पत्रा मध्ये आला की सिग्नल अडतो, म्हणून टेबलाखालचा सीपीयू आणि त्याच्या मागचा डोंगल ही जोडी वाईट.

मग वायफाय, ते पण बऱ्याचदा याच २.४ च्या पट्ट्यात चालतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत रेंज एका खिडकीतच येते, मग मोबाइलचा हॉटस्पॉट त्या खिडकीत आणि लॅपटॉपपण तिथेच, म्हणजे हॉटस्पॉट आणि डोंगल एका वितीत. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ असेल तर ते निवडा, भांडणच मिटतं. राउटरला ५ नसेल तर तो टेबलावरून उचलून दोन-तीन मीटर लांब ठेवा, आणि चॅनल ऑटोवरून काढून १ किंवा ११ करून बघा, ज्यात माउस बरा चालेल ते ठेवा. होमस्टेवाल्यांचं काउंटर किचनला लागून असेल तर मायक्रोवेव्ह पण लक्षात घ्या, तो २.४५ च्या आसपासच चालतो, पण तो चालू असतानाच माउस अडकेल, बंद झाला की ठीक. ब्लूटूथ माउस घेतला की सुटलो असं पण नाही, ब्लूटूथ त्याच पट्ट्यात आहे, फक्त ते सारखं चॅनल बदलत राहतं म्हणून बऱ्याचदा निभावून नेतं.

आता जे रेडिओचं नाहीच पण तसंच दिसतं ते. किनाऱ्यावर खारा वारा आणि त्यात जून ते सप्टेंबरची दमट हवा, सेलच्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर धरतो, डोंगलच्या पिना काळ्या पडतात. माउसचं झाकण उघडून बघा. थर असेल तर सेल काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग नवा सेल. पाण्याच्या फडक्याने पुसू नका आणि पावसाळ्यात वापर नसेल तर सेल आत ठेवू नका. आणि साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो, रिचार्जेबल १.२ चा, त्यामुळे काही माउस रिचार्जेबलवर बॅटरी लो लवकर दाखवतात, तो बिघाड नाही.

ओळखायचं कसं? बाण एका जागी थरथरतोय किंवा काचेच्या, चकचकीत टेबलावरच बिघडतोय तर तो सेन्सरचा प्रश्न, खाली वर्तमानपत्राची घडी ठेवून बघा. पाच-दहा मिनिटं हात न लावता ठेवल्यावर पहिला क्षणभरच माउस झोपलेला असेल तर ते पॉवर सेव्हिंग, विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून बघा. पण हार्ड डिस्क लावली की अडकतो, काढली की चालतो, डोंगल जवळ आणला की चालतो, असं येऊन-जाऊन असेल तर रेडिओच. एका वेळी एकच गोष्ट बदला, घाईत चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या सीझनला परत तिथेच.

एवढं करून पण अडकला तर तोच माउस त्याच्याच डोंगलसकट दुसऱ्याच्या लॅपटॉपवर लावून बघा. तिथेही अडकला तर मात्र माउस गेला, नवा घ्या. बिलाच्या टेबलावर मी तरी वायरचाच सुचवेन.

मामाला मी तेच सुचवलं होतं, पण त्याला टेबलावर वायर नको, पेट्या ठेवताना अडकते. मग एक्स्टेन्शनचं टोक टेबलाच्या लाकडी कडेला पेटीच्याच चिकटपट्टीने चिकटवलं. हार्ड डिस्क मागे निळ्या पोर्टातच आहे, रोज संध्याकाळी बॅकअप चालू असताना बिलं निघतात आणि ५ चे ५ च उमटतात.